पन्नास काडतुसं

माझा नवरा बंदुकीची काडतुसं घरच्या घरी भरायला लागला, तेव्हा मी आधी हसले, मग चिडले आणि मग जे टोमणे सुरू झाले ते सात-आठ महिने थांबलेच नाहीत. या कामात माझा हात धरणारं आमच्या दोन्ही घराण्यांत कुणी नाही. मी पुण्यात वाढले, फार्मसी शिकले आणि गेली वीस वर्षं सातासमुद्रापार हॅमिल्टनमधल्या एका औषधांच्या दुकानात काउंटरच्या आत उभी राहून डॉक्टरांच्या, पेशंटांच्या आणि हाताखालच्या मुलींच्या चुका पकडते. चुका पकडण्याचाच पगार मिळत असल्यावर बाई घरी येऊन गप्प बसेल, अशी अपेक्षा कुणी करू नये.

बंदूक आधी आली, काडतुसं नंतर. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने एका शनिवारी त्याला नेमबाजीच्या क्लबात नेलं आणि स्वारी परत आली ती डोळ्यांत चमक घेऊनच. मी विचारलं, आता हरणं मारणार की काय? आमच्या घरात अंडंसुद्धा केकमधून लपूनछपून येतं. तर नाही, हे महाशय फक्त कागद मारणार होते. लांबवर एक कागद लावायचा, पोटावर पडून त्याला पाच भोकं पाडायची, मग चालत जाऊन ती भोकं एकमेकांच्या किती जवळ आहेत ते मोजायचं आणि कागद जपून घरी आणायचा. अशा भोकं पडलेल्या कागदांची आमच्याकडे एक फाइल आहे. लोक मुलांची प्रगतिपुस्तकं ठेवतात तशी ती कपड्यांच्या कपाटात, साड्यांच्या खाली ठेवलेली असते.

लायसन्ससाठी घरी मुलाखत घ्यायला एक बाई आल्या होत्या. त्यांनी नवऱ्याला बाहेर पाठवून मला एकटीला विचारलं, की हा माणूस तापट आहे का, घरात कधी आवाज चढवतो का. मी सांगितलं, कुकरची शिट्टी व्हायची वेळ झाली की हा माणूस स्वयंपाकघरातून बाहेर जातो. कुकर म्हणजे काय आणि तो शिट्टी का मारतो हे त्यांना समजावण्यात दहा मिनिटं गेली, पण लायसन्स मिळालं. बंदुकीसाठी लोखंडी कपाट आलं, ते गॅरेजच्या भिंतीत ठोकलं गेलं आणि रोटोटुनातल्या आमच्या गल्लीत, जिथे शेजारी फार तर गवत कापायचं यंत्र बदलतात, तिथे आम्ही एकदम शस्त्रधारी झालो.

इथवर ठीक होतं. पण दोन महिन्यांत त्याच्या लक्षात आलं, की विकतच्या काडतुसांत सातत्य नाही. भोकं लांब लांब पडतात याचं कारण काडतूस, त्याचा हात नव्हे. म्हणजे भजी बिघडली तर कढईचा दोष. स्वतः भरलेलं काडतूस स्वतःच्या बंदुकीला कसं बेतून शिवलेल्या कपड्यासारखं बसतं, हे त्याने मला दोन संध्याकाळी सांगितलं. शिवाय बचत होते म्हणे. ती किती होते ते मी विचारलं नाही, कारण तोवर पहिलं पार्सल आलेलं होतं.

काम म्हणाल तर साधं आहे. गोळी उडून गेली की पितळेचं नळकांडं मागे राहतं. ते साफ करायचं, साच्यात दाबून पुन्हा मापात आणायचं, बुडाशी नवा प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी टिकली, बसवायचा, आत पावडर म्हणजे बंदुकीची दारू मोजून ओतायची आणि तोंडाशी नवी गोळी दाबून बसवायची. आमच्याकडे कॅप्सूल भरतात तसंच, फक्त आमची कॅप्सूल गिळल्यावर काम करते. एवढ्याशा कामासाठी नवशिक्याला काय काय लागतं, यावरचे व्हिडिओ मी पोळ्या लाटता लाटता इतके ऐकलेत की परीक्षा घेतली तर पहिल्या वर्गात येईन. प्रत्येकात एक दाढीवाला असतो. तो सुरुवातीलाच सांगतो, की नवशिक्याला फारसं काही लागत नाही, आणि पुढची चाळीस मिनिटं तो ते फारसं नसलेलं टेबलावर मांडत असतो. एकाच्या यादीत अत्यावश्यक वस्तू आठ, दुसऱ्याच्या चौदा. ज्याच्या व्हिडिओखाली विकत घ्यायची सोय जास्त, त्याची यादी लांब. माझा नवरा सॉफ्टवेअरवाला. त्याने सगळ्या याद्या एका एक्सेल शीटमध्ये घातल्या, रकान्यांना रंग दिले आणि दोन याद्यांत मतभेद असेल तिथे दोन्ही वस्तू मागवल्या.

मग गॅरेजमध्ये सर्कस उभी राहिली. लांब दांड्याचा लोखंडी प्रेस आला, तो टेबलाला बोल्टने आवळला. त्यात बसवायचे साचे, म्हणजे डाय, आले. पितळ साच्यात अडकू नये म्हणून वंगण आलं, ते तो बोटांनी एकेका नळकांड्याला असं चोळायचा की वाटावं तान्ह्या बाळाला मालिश चाललंय. नळकांड्यांची लांबी मोजायला व्हर्नियर, वाढलेली लांबी कापायला एक यंत्र, कापल्यावर तोंडाची कड घासायला दुसरं. प्रायमर बसवायची चिमटेवजा वस्तू. पन्नास भोकांची लाकडी पाटी, छोटं नरसाळं, पावडर चिमूट चिमूट पाडणारी एक नळी. पितळ चकचकीत करायला अक्रोडाच्या सालींचा भुगा घातलेलं, दिवसभर घरघरणारं भांडं. मी म्हटलं, चिंच-मीठ लाव, पाच मिनिटांत देवाच्या समईसारखं उजळेल. त्यावर त्याने मला पितळेच्या रसायनशास्त्रावर व्याख्यान दिलं. मला. जिने त्याला आयुष्यभर क्रोसिन आणि कॉम्बिफ्लॅममधला फरक समजावून सांगितलाय.

इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी विचारलं, की हल्ली काय नवीन, तर मी सांगायचे, आमच्याकडे लघुउद्योग सुरू झालाय, उत्पादन अजून शून्य आहे. लोक हसायचे. तोही हसायचा. तो हसतो म्हणून मला वाटायचं, की त्याला लागत नाही.

आमची मुलगी अल्बनीला शिकते. फोनवर हे सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "मम, लेट हिम हॅव धिस." मी तिलाही सुनावलं, की इंग्रजीतून उपदेश करणं फार सोपं असतं.

क्लबात एक आजोबा होते, आयुष्यभर गाई पाळलेले. भर थंडीत जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून एका रविवारी ते आमच्या गॅरेजमध्ये आले. टेबलावरच्या त्या प्रदर्शनाकडे त्यांनी दोन मिनिटं पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, की यातलं निम्मं परत करता आलं तर बघ. त्यांच्या मते लागतं ते इतकंच: एक चांगलं पुस्तक, प्रेस, डाय, तराजू, डोळ्यांवर चष्मा आणि बंद होणारं दार. पावडर पुस्तकातल्या सगळ्यात खालच्या मापाने भरायची. बसताना तराजूचं शून्य बघायचं आणि उठताना पुन्हा बघायचं. ज्या काडतुसाबद्दल शंका आली ते उडवायचं नाही, उघडायचं. त्यासाठी प्लॅस्टिकचा एक हातोडा मिळतो. काडतूस त्याच्या डोक्यात अडकवून फरशीवर आपटलं की गोळी आणि पावडर सुटी होते. नवशिक्याने तो सगळ्यात आधी घ्यावा, असं ते म्हणाले. मी नवऱ्याला मराठीत म्हटलं, हे म्हणजे रुखवतात घटस्फोटाचा वकील ठेवण्यासारखं झालं. आजोबांनी काय झालं म्हणून विचारलं, त्याने भाषांतर केलं नाही.

जाताना आजोबांनी गाडीतून स्वतःचा जुना तराजू काढून दिला. विजेवर चालणारे तराजू बाजूचं दार उघडलं तरी बिथरतात, दांडीचा तराजू खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. तो तराजू मात्र मला आवडला, आणि हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. एका टोकाला छोटंसं पारडं, दांडीवर सरकवायची वजनं, पायाशी शून्य जुळवायचा स्क्रू. माप ग्रेनमध्ये. ग्रेन म्हणजे जेमतेम जवाच्या एका दाण्याचं वजन. आमच्या धंद्यातून हे माप कधीच हद्दपार झालं, मी फक्त कॉलेजच्या पुस्तकात वाचलं होतं. नवरा बाहेर गेला की मी गुपचूप जाऊन त्या पारड्यात साखरेचे दाणे टाकून बघायचे, आणि दांडी खाली जाताना पाहून मला फार बरं वाटायचं.

एकदा मी फारच बोलले. या वयात लोक तीर्थयात्रा करतात, निदान बागकाम करतात, तू टिकल्या भरत बसलायस, वगैरे. तेव्हा तो पहिल्यांदा हसला नाही. हातातलं नळकांडं खाली ठेवून म्हणाला, "वीस वर्षांत मी हाताने केलेली एक तरी वस्तू दाखव बरं. मीटिंग घेतो, मेल पाठवतो. संध्याकाळी विचारलं की आज काय केलं, तर दाखवायला काही नसतं. इथे पन्नास होतील, ती पन्नास माझी असतील."

मी म्हटलं, परवा पोहे केले होतेस की, त्यांचा लगदा मी पाहिला.

तो परत नळकांडं पुसायला लागला.

असं करता करता नवरात्र आलं. इथे पृथ्वीच्या खालच्या अर्ध्यात ते वसंतात येतं. माझी श्रद्धा बेताची आहे, पण खंडेनवमी मी चुकवत नाही. माणूस ज्या हत्यारावर जगतो त्याला वर्षातून एकदा नमस्कार करण्यात मला काही गैर वाटत नाही. विळी, खलबत्ता, शिलाई मशीन, दोन्ही लॅपटॉप, गाड्या, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. त्या दिवशी नवरा ऑफिसात होता. घरातलं उरकल्यावर तबक हातात होतंच, म्हटलं चला, यांच्या सर्कशीलाही लावून टाकू. कोरडं कुंकू लोखंडावर थांबत नाही, खाली सांडतं आणि गॅरेज मलाच झाडावं लागतं. म्हणून मी वाटीत हळदकुंकू थोड्या पाण्यात कालवून घट्टसर गंध केलं. ही अक्कल धंद्यातली. प्रेसला लावलं, व्हर्नियरला लावलं, हातोड्याला लावलं. तराजूच्या दांडीवर जागा नव्हती, म्हणून पारड्याच्या बाहेरच्या कडेला अनामिकेने चांगला ठसठशीत टिळा लावला. प्रत्येकावर झेंडूची एकेक पाकळी ठेवली.

संध्याकाळी तो गॅरेजमध्ये गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा त्याचा चेहरा काहीतरीच झाला होता. "माझ्या हत्यारांना लावलंस?" त्याने विचारलं. मी म्हटलं, विळीला लावते तर तुला कसं सोडू. त्याने पाकळ्या काढून देवापुढे ठेवल्या आणि कुंकू तसंच राहू देणार म्हणाला. माझ्या सात-आठ महिन्यांच्या तोंडाच्या पट्ट्यानंतर त्याला तो टिळा म्हणजे मी दिलेली परवानगी वाटली असणार. ती तशी होतीही, थोडीशी.

दसऱ्याला त्याने अर्धी रजा घेतली. मुहूर्त साधायचा होता. इतके महिने नुसतं पितळ घासलं, मापलं, कापलं, आता पहिली पन्नास काडतुसं भरायची. आजोबांनी सांगितल्याप्रमाणे पुस्तक उघडं, चष्मा डोळ्यांवर, दार बंद. तराजूचं शून्य त्याने नीट जुळवलं, हे त्यानेच मला नंतर सांगितलं आणि ते खरं आहे. मी इकडे श्रीखंड घोटत होते. सहा वाजता दोन कुटुंबं सोनं द्यायला येणार होती. आपट्याची पानं इथे मिळत नाहीत, आम्ही कुंपणाच्या कुठल्याशा झुडपाची पानं वाटतो आणि घेणारेही तोंड वाकडं न करता घेतात. सहाला पाच कमी असताना बेल वाजली. मी गॅरेजचं दार उघडलं. पन्नासावं काडतूस नुकतंच पेटीत गेलं होतं आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आमच्या मुलीच्या जन्मानंतर पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, दोन मिनिटं थांब, शून्य बघतो आणि आलोच.

"शून्य काय पळून जाणारे का?" मी म्हटलं. "लोक दारात उभेत. चल."

तो हसला, पेटीचं झाकण लावलं आणि आला. पाहुण्यांना त्याने पानं दिली तेव्हा त्याच्या बोटांना वंगणाचा वास येत होता. ती पेटी उघडून दाखवायचा मोह त्याने कसा आवरला कोण जाणे.

शनिवारी सकाळी तो क्लबात जाणार होता. शुक्रवारी मी पाचच्या सुमारास कामावरून आले आणि ओलं खोबरं काढायला गॅरेजमधल्या फ्रीझरपाशी गेले. तराजू टेबलावर उघडाच होता, वजनं अजून त्याच्या मापावर होती. वापरून झालेला तराजू शून्यावर आणून ठेवायचा, ही आमची शिस्त. मी वजनं सरकवून शून्यावर आणली. काटा रेषेवर आला नाही. थोडा, अगदी थोडा बाजूला राहिला. मग मी पारड्याकडे नीट पाहिलं. टिळ्याच्या जागी नुसता पिवळट डाग होता, आणि खाली तराजूच्या पायाशी वाळलेल्या गंधाची एक लाल खपली पडली होती.

मी चिमटा घेतला आणि ती खपली पारड्यात ठेवली. काटा रेषेवर आला.

मग कुणी समजावून सांगायची गरज राहिली नाही. त्याने कुंकवासकट शून्य जुळवलं होतं. भरता भरता मध्येच कधीतरी खपली गळली, पारडं तेवढं हलकं झालं आणि त्यानंतरच्या प्रत्येक काडतुसात खपलीच्या वजनाइतकी पावडर जास्त गेली. उठताना त्याने शून्य पाहिलं असतं तर तिथल्या तिथे कळलं असतं. तो पाहणारच होता. कदाचित काही झालंही नसतं. त्याने खालच्या मापाने भरली होती, आणि औषधातही जास्तीचा डोस बहुतेक वेळा पचून जातो. पण बंदुकीचा जो भाग फुटायचा तो माणसाच्या गालापासून वीतभर अंतरावर असतो. मी खोबरं काढायचं विसरून तिथे फ्रीझरला टेकून उभी राहिले.

दुकानात एखाद्या मुलीने चुकीची बाटली दिली की मी तिला फॉर्म भरायला लावते. वर तिचं नाव, खाली काय झालं ते जसंच्या तसं. चूक होते, लपवणं ही दुसरी चूक, हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की मुली माझी पाठ वळली की माझ्याच आवाजात ते म्हणतात. हे मला माहीत आहे. त्या दिवशी मी काय केलं? मी ती खपली चिमट्याने उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली. ओल्या फडक्याने पारडं पुसलं, डागही राहू दिला नाही. उपकरण अस्वच्छ दिसलं की हात आपोआप पुसायला जातो, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. हात आपोआप गेला नव्हता.

तो साडेपाचला आला. मी त्याला गॅरेजमध्ये बोलावून सांगितलं, की तुझा तराजू शून्यावर नाही. त्याने वाकून पाहिलं, स्क्रूला हात लावला, पुन्हा पाहिलं. म्हणाला, पण मी तर शून्य करूनच बसलो होतो. त्याच क्षणी बोलता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं आणि तो हसला असता, मला माहीत आहे. आयुष्यभर मला चिडवायला त्याला एक गोष्ट मिळाली असती. पण सात-आठ महिने ज्या तोंडाने मी त्याची टर उडवली, त्या तोंडातून ती दोन वाक्यं निघेनात. निघालं ते वेगळंच.

"मोजता येत नाही तर हा उद्योग करायचा कशाला?"

तो पुन्हा वाकून काट्याकडे बघायला लागला. प्रेसवर, व्हर्नियरवर, हातोड्यावर माझं कुंकू तसंच होतं आणि पारडं मात्र स्वच्छ होतं. दुसऱ्या कुणाला तरी तो प्रश्न पडला असता. त्याला पडला नाही, कारण त्याची माझ्यावर शंका घ्यायची पद्धतच नाही.

शनिवारी तो क्लबात गेला नाही. सकाळी चहा घेऊन गॅरेजमध्ये बसला आणि एकेक काडतूस त्या हातोड्यात अडकवून फरशीवर आपटायला लागला. दोन-तीन दणके, मग शांतता, मग पुन्हा दणके. शांततेत तो पावडर तोलत होता. मी पोळ्या करत होते. पन्नास काडतुसं उघडायला त्याला दुपार झाली. जेवायला आला तेव्हा वही घेऊन आला आणि मला दाखवली, शाळेतल्या मुलाने बाईंना दाखवावी तशी. काडतुसं त्याने पेटीत ओळीने ठेवली होती, त्यामुळे सगळं स्पष्ट निघालं. पहिली एकतीस अगदी बरोबर. बत्तिसाव्यापासून प्रत्येकात जास्त, आणि प्रत्येकात सारखीच जास्त. खाली त्याने लिहिलं होतं: कारण, बहुतेक माझा कोपर तराजूला लागला. उठताना शून्य पाहिलं नाही. चूक माझी.

एकतीस अगदी बरोबर. त्या सामानाला हसण्यात मी इतके महिने घालवले आणि माणसाचा हात इतका स्थिर होता. मी वही परत दिली आणि भाजी वाढली.

मला वाटलं, आठ-पंधरा दिवसांत तो पुन्हा बसेल. बसला नाही. क्लबाला जायचा, विकतची काडतुसं घेऊन, तेही कमी होत गेलं. गॅरेजमध्ये टेबलावर चादर टाकलेली असायची. एकदा मीच विचारलं, काय मग, लघुउद्योग बंद का? तर म्हणाला, या कामाला जी नजर लागते ती आपल्याकडे नाही, आणि हे वेळेवर कळलं ते तुझ्यामुळे. असं म्हणून त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं. त्याला खरोखर वाटत होतं, की मी त्याचा जीव वाचवला. मी सांगायला हवं होतं. रोज सकाळी ठरवायचे आणि रोज संध्याकाळी कारण सापडायचं: आज तो दमलाय, आज मी दमलेय, आता इतक्या उशिरा सांगून काय. दुसऱ्यांच्या चुका पकडणाऱ्या माणसाला आपली झाकायच्या वाटा फार चांगल्या माहीत असतात. आजही त्याला हे ठाऊक नाही. मराठी वाचायचा त्याला कंटाळा आहे, म्हणून तर हे लिहायला धजावले.

उन्हाळ्यात त्याने सगळं विकायला काढलं. ईस्ट टामाकीत वेल्डिंगचं काम करणारा एक माणूस सगळंच एकदम घ्यायला तयार झाला. त्यालाही हे नव्याने सुरू करायचं होतं, आणि त्याच्याकडे मोबाइलमध्ये कुठल्यातरी दाढीवाल्याची यादी होती. नवऱ्याने त्याला बसवून, चहा पाजून, एकेक वस्तू हातात देऊन समजावली. किती छान समजावली. कुठलं उगाच घेतलं, कुठलं खरंच लागतं, वंगण किती पुरतं. आजोबांचा तराजू आधी त्याने आजोबांनाच परत देऊ केला होता, पण त्यांनी नवीन माणसाला देऊन टाक म्हणून सांगितलं होतं. तो त्याने शेवटी दाखवला आणि म्हणाला, की घरात तपासणारं कुणीतरी असू दे. "माझ्याकडे सगळ्यात चांगलं माणूस होतं, मी तिला विचारलं नाही," असं म्हणून त्याने माझ्याकडे बोट केलं. तो माणूस माझ्याकडे बघून हसला आणि त्याला म्हणाला, नशीबवान आहेस.

मी तराजू फडक्यात गुंडाळला आणि त्या माणसाच्या हातात दिला. पारडं वेगळं बांधा, दांडीला धक्का लागू देऊ नका, एवढंच बोलले.

नवरा प्रेस उचलून त्याच्या गाडीपर्यंत सोडायला गेला. परत आला, रिकाम्या टेबलाकडे पाहिलं, मग बाहेर पावसात उभ्या असलेल्या माझ्या गाडीकडे. म्हणाला, "चला, आता तुझी गाडी आत लावता येईल."

टेबल त्याने दुसऱ्या दिवशी हलवलं, जमीन झाडून, पुसून ठेवली. गाडी मी अजून बाहेरच लावते.